मुलांसाठी लिहिणाऱ्यांना एजंट हवा का, आणि हवा तर शोधायचा कसा

‘गोष्टी लिहून तयार आहेत, आता एजंट कुठे मिळेल?’ मुलांसाठी लिहिणारे बरेच जण हल्ली हे विचारतात. इंग्रजीत लिहिणारे विचारतात, परदेशात स्थायिक झालेले विचारतात, आणि आपल्या मराठी गोष्टी बाहेरच्या मुलांपर्यंत जाव्यात असं वाटणारेही विचारतात. तिघांना एकच उत्तर देता येत नाही. म्हणून आधी हे ठरवा की तुम्ही कोणत्या भाषेत लिहिता आणि पुस्तक कोणत्या देशातल्या प्रकाशकाने काढावं असं तुम्हाला वाटतं. मराठीत लिहून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला द्यायचं असेल तर एजंट लागत नाही, आणि शोधायला गेलात तरी मिळत नाही. ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकाकडे जायचं असेल तर मात्र एजंटशिवाय जवळजवळ गत्यंतर नाही. पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स, सायमन अँड शुस्टर यांच्या बहुतेक विभागांत लेखकाने थेट पाठवलेली संहिता वाचायला घेतच नाहीत.

एजंट नेमकं करतो काय? संहिता वाचून दुरुस्त्या सुचवतो. कोणत्या प्रकाशनात कोणता संपादक अशा पुस्तकाच्या शोधात आहे हे त्याला माहीत असतं, त्यामुळे नेमक्या टेबलावर ती संहिता पोचवतो. होकार आला की पैशाची आणि कराराची बोलणी करतो, आणि पुढे वर्षानुवर्षं रॉयल्टीचे हिशेब तपासून घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट या गृहस्थांनी लेखकांच्या वतीने बोलणी करून दहा टक्के घ्यायला सुरुवात केली, तिथून हा व्यवसाय उभा राहिला. आज देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी आवृत्त्या, अनुवाद, चित्रपट यांवर २० टक्के असा दर असतो. पैसे प्रकाशकाकडून एजंटकडे येतात, तो आपला वाटा कापून उरलेले लेखकाला देतो. पुस्तक विकलं गेलं नाही तर त्याला काहीच मिळत नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण खरा एजंट आणि भामटा यांच्यातला फरक त्यातच आहे.

मराठीत एजंट का नाहीत, हे साध्या आकडेमोडीने कळतं. समजा १०० रुपयांच्या चित्रपुस्तकाची एक हजाराची आवृत्ती निघाली, सगळी खपली, आणि रॉयल्टी दहा टक्के ठरली होती. झाले १०,००० रुपये. चित्रकार निम्म्याचा वाटेकरी असेल तर लेखकाच्या हाती ५,०००. त्यातले एजंटचे पंधरा टक्के म्हणजे ७५० रुपये, तेही आवृत्ती संपल्यावर. एवढ्यावर कुणाचं घर चालणार नाही. इंग्रजीत एकच पुस्तक ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि वर दहा-बारा भाषांत विकता येतं, म्हणून तिथे ही मधली व्यक्ती टिकते.

आता इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं बघू.

मुलांच्या पुस्तकांत एजंट सगळ्यात आधी वयोगट बघतो. ‘४ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांना आवडेल’ असं लिहिलंत की संहिता बाजूला पडते, कारण असं शेल्फ कोणत्याच दुकानात नसतं. चित्रपुस्तक वेगळं, नुकतं वाचायला शिकलेल्यांचं वेगळं, ८ ते १२ वर्षांच्या मुलांची कादंबरी वेगळी आणि किशोरवयीन वाचकांची वेगळी. ८ ते १२ साठीची कादंबरी साधारण ३० ते ५० हजार शब्दांची असते, किशोरांची ५० ते ८० हजारांची. चित्रपुस्तकाचा मजकूर पाचशे शब्दांच्या आतबाहेर, आणि हल्ली कल आणखी कमीकडेच आहे.

चित्रपुस्तकाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण नवे लेखक बहुधा तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच सगळ्यात जास्त अडखळतात. ते बहुतेक ३२ पानांचं असतं. मोठा कागद छापून घडी घातली की १६ पानांचा फर्मा होतो, आणि दोन फर्म्यांचं पुस्तक परवडतं. त्यातली सुरुवातीची पानं शीर्षक, अर्पणपत्रिका, श्रेयनामावली यांत जातात. गोष्टीला १२ ते १४ जोडपानं उरतात. म्हणून पाठवण्याआधी कोऱ्या कागदांची घडी घालून ३२ पानांची वही करा आणि त्यात आपला मजकूर विभागून लिहून बघा. कुठे पान उलटावंसं वाटतं आणि कुठे दोन पानांवर एकच चित्र पुन्हा काढावं लागेल, ते लगेच दिसतं.

दुसरं, चित्रं. स्वतःच्या पैशाने चित्रकाराकडून पुस्तकभर चित्रं काढून घेऊ नका. तुम्ही स्वतः चित्रकार नसाल तर एजंटला नुसता मजकूर हवा असतो. चित्रकार कोण हे प्रकाशक ठरवतो, आणि हा आपला हक्क तो सोडत नाही. मजकूर चांगला असूनही जोडलेली चित्रं न आवडल्याने संहिता परत येते. चित्राबद्दलची सूचना एखाद्या ठिकाणीच, तीही कंसात. ‘मनी घरात कुठेच नव्हती’ असं वाक्य आहे आणि चित्रात ती कपाटावर बसून बघते आहे, ही गंमत सूचनेशिवाय वाचणाऱ्याला कळणार नाही. नायिकेचा फ्रॉक लाल आहे हे मात्र चित्रकारावर सोडा.

तिसरं, यमक. मराठीत मुलांची गोष्ट म्हटली की आपल्याला ताल आणि यमक सुचतं, तो आपल्या कानाचा संस्कार आहे आणि चांगलाच आहे. परदेशी एजंट मात्र यमकातल्या गोष्टीला बिचकतात. त्याचं कारण छापखान्यात आहे. रंगीत पुस्तक चार रंगांच्या चार प्लेटवर छापलं जातं. मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवला तर बाकी तीन प्लेट तशाच ठेवून, एकटी काळी बदलून, एकाच वेळी इंग्रजी, फ्रेंच, कोरियन अशा आवृत्त्या छापता येतात आणि प्रत्येक प्रत स्वस्त पडते. असे व्यवहार जमावेत म्हणूनच इटलीत बोलोन्याला १९६४ पासून दर वसंतात बालपुस्तकांची जत्रा भरते. तिथे टेबलावर ठेवलेलं पुस्तक यमकात असेल तर कोरियन प्रकाशकाला आधी कवी शोधावा लागतो. तुमचं यमक खरोखर उत्तम असेल तर जरूर पाठवा, पण यमक काढून टाकल्यावरही गोष्ट उभी राहते का, हे आधी तपासा.

नुसता चित्रपुस्तकांचा मजकूर लिहिणाऱ्यांना, म्हणजे स्वतः चित्रं न काढणाऱ्यांना, घेणारे एजंट कमी आहेत. जे घेतात ते ‘आणखी काय लिहिलंय?’ असं विचारतातच. म्हणून पहिलं पत्र जाण्याआधी तीन-चार मजकूर पक्के तयार हवेत. कादंबरी तर पूर्ण लिहून झाल्याशिवाय पाठवूच नये.

शोधायचं कुठे

ब्रिटनसाठी ‘चिल्ड्रेन्स रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’ हे दरवर्षी निघणारं पुस्तक आहे; कोणता एजंट काय घेतो, कसं पाठवायचं, हे सगळं त्यात असतं. अमेरिकेसाठी क्वेरीट्रॅकर आणि मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या संकेतस्थळांवर नावं आणि त्यांच्या आवडी कळतात. एससीबीडब्ल्यूआय ही मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांची संस्था १९७१ पासून आहे आणि तिची भारतातही शाखा आहे. पण मला सगळ्यात भरवशाची वाट वाटते ती पुस्तकांच्या शेवटच्या पानांची. तुमच्या जातकुळीची, गेल्या चार-पाच वर्षांतली पुस्तकं घ्या आणि लेखकाने मानलेले आभार वाचा. एजंटचं नाव तिथे असतंच. त्याने काय विकलं आहे हे डोळ्यांसमोर असल्याने त्याला लिहायचं पत्रही खरं उतरतं.

पत्र एका पानाचं. त्यातला गोष्टीबद्दलचा परिच्छेद हाच कळीचा. एक काल्पनिक उदाहरण घेते. समजा तुमची कादंबरी उजनी धरणाच्या काठची आहे. बहुतेक जण असं लिहितात: ‘ही कथा मुलांना कुटुंब, पर्यावरण आणि धैर्य यांचं महत्त्व पटवून देते. माझ्या नातवंडांना ती फार आवडली.’ यातून गोष्ट कळत नाही, आणि नातवंडांना आजीची गोष्ट आवडणारच. आता हे बघा: ‘दहा वर्षांच्या रेवाच्या आजीचं गाव धरणाखाली गेलं आहे. मोठा दुष्काळ पडला की पाणी उतरतं आणि जुन्या देवळाचं शिखर वर येतं. या वर्षी शिखरामागे आजीच्या घराचा उंबराही उघडा पडलाय. गाव सोडताना आजीने त्याखाली काय पुरलं, हे ती सांगायला तयार नाही. पाऊस यायला वीस दिवस आहेत.’

दुसऱ्या परिच्छेदात मुलगी आहे, तिला काय शोधायचंय ते आहे, आडवं कोण येतं ते आहे आणि वेळेची टोचणी आहे. लंडनच्या एजंटला उजनी माहीत असायची गरज नाही. बुडालेलं गाव आणि न बोलणारी आजी त्याला पुरते. संदेशाचा शब्दही नाही, तरी विस्थापनाची वेदना आत आहेच. इंग्रजी बालसाहित्यात उघड उपदेश दिसला की संहिता खाली ठेवतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या लेखकांची पत्रं याच एका सवयीमुळे मागे पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या परिच्छेदानंतर वयोगट आणि शब्दसंख्या, तुमच्या पुस्तकाच्या जवळ जाणारी अलीकडची दोन पुस्तकं, आणि स्वतःबद्दल दोन वाक्यं. तुम्ही इंदापूर तालुक्यात शिक्षिका होतात, हे तिथे लिहायलाच हवं. सोबत काय जोडायचं हे प्रत्येक एजंट आपल्या पानावर सांगतो. ब्रिटनमध्ये बहुधा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं, अमेरिकेत पहिली पाच-दहा पानं, चित्रपुस्तक असेल तर पूर्ण मजकूर. काही जण जोडलेली फाइल उघडतच नाहीत, मजकूर मेलमध्येच हवा म्हणतात. सांगितलंय तसंच करा.

एका वेळी सहा ते आठ जणांना पाठवायला हरकत नाही, ही तिथली रीत आहे. पण प्रत्येकाला स्वतंत्र मेल, त्याच्या नावाने. एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम पाठवू नका. दोन-तीन महिने उत्तर येत नाही, आणि कित्येकांचं न आलेलं उत्तर हाच नकार असतो. सगळीकडून शांतता असेल तर पत्र बदला. पूर्ण संहिता मागवून मग नकार येत असेल तर पत्र ठीक आहे, गोष्टीच्या मध्यावर काम हवं. एखाद्याने सविस्तर कारणं लिहून ‘दुरुस्त करून परत पाठवा’ म्हटलं तर तो नकार समजू नका. एवढा वेळ कुणी उगीच देत नाही.

होकार आला की

एजंटचा फोन किंवा व्हिडिओ कॉल येतो. आनंदाच्या भरात तिथल्या तिथे हो म्हणू नका. बाकी ज्यांच्याकडे संहिता आहे त्यांना कळवून आठ-पंधरा दिवस मागून घ्या, यात कुणालाही गैर वाटत नाही. त्या वेळात विचारायचं ते विचारा. पुस्तकात काय बदल हवेत? कोणकोणत्या प्रकाशकांकडे पाठवणार? हेच पुस्तक घेणार की मी पुढे लिहीन ते सगळं? हे नाही विकलं गेलं तर काय? टपाल, छपाई असे खर्च माझ्याकडून घेणार का? आणि वेगळं व्हायचं ठरलं तर नोटीस किती दिवसांची? वेगळं झाल्यावरही त्याने विकून दिलेल्या पुस्तकावरचा त्याचा वाटा चालूच राहतो, हे रास्त आहे. न विकलेल्या पुस्तकावर त्याचा हक्क राहील असं कलम असेल तर मात्र हरकत घ्या.

अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो नसेल तर रॉयल्टीतून ३० टक्के कर तिथेच कापला जातो. भारतात राहणाऱ्यांना दोन देशांतल्या करारामुळे हा दर १५ टक्क्यांवर येतो, आणि तिथे भरलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं. फॉर्मवर पॅन क्रमांक टाकायला विसरू नका.

आता फसवणुकीबद्दल, आणि हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगते. संहिता वाचायला पैसे मागणारा एजंट नव्हे. ‘पुस्तक छान आहे, पण आधी आमच्याच संपादकाकडून पैसे देऊन सुधारून घ्या’ म्हणणारा एजंट नव्हे. नोंदणी, विपणन, आंतरराष्ट्रीय मेळ्यात पुस्तक मांडणं यासाठी रक्कम मागणाराही नव्हे. निवृत्तीचे पैसे अशा लोकांच्या हाती गेल्याच्या कहाण्या सारख्या कानावर येतात, आणि त्यात मुलांसाठी लिहिणारे आजी-आजोबा पुष्कळ असतात. हल्ली खऱ्या, नावाजलेल्या एजंटांच्या नावानेही मेल येतात: तुमचं पुस्तक वाचून भारावलो, एक बडा प्रकाशक तयार आहे, फक्त अमुक शुल्क भरा. तुम्ही पाठवलंच नव्हतं तर त्याने वाचलं कुठे? मेलचा पत्ता एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्याशी अक्षर-अक्षर जुळवा आणि तिथल्याच पत्त्यावर विचारून खात्री करा. रायटर बिवेअर हा उपक्रम १९९८ पासून अशा टोळ्यांची माहिती विनामूल्य देतो. नाव तिथे आधी शोधा.

भारतात इंग्रजीसाठी जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड अशा एजन्सी आहेत. पण मुलांच्या पुस्तकांसाठी मी आधी त्यांच्याकडे जा असं म्हणणार नाही. चेन्नईचे तूलिका आणि कराडी टेल्स, बंगळूरुचं प्रथम बुक्स यांसारखे प्रकाशक लेखकाशी थेट बोलतात. संहिता कधी आणि कशा स्वीकारतात, तेवढं त्यांच्या पानावर बघायचं. तूलिका १९९६ पासून एकच चित्रपुस्तक इंग्रजीसोबत मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढत आलं आहे, त्यामुळे दोन्ही भाषांत लिहिणाऱ्यांनी ते बघायलाच हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन मंचाबद्दल एक सांगायला हवं. तिथली गोष्ट खुल्या परवान्यावर असते. कुणीही ती वापरू शकतं, अनुवादू शकतं, विकूही शकतं. गाव-पाड्यांतल्या मुलांपर्यंत गोष्ट फुकट पोचते, हे फार मोलाचं आहे. पण तीच गोष्ट नंतर एजंटमार्फत एका प्रकाशकाला फक्त त्याची म्हणून विकता येत नाही. कोणती कुठे द्यायची हे आधी ठरवा.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी? ‘किशोर’, ‘चिकूपिकू’ यांसारख्या मासिकांत गोष्टी द्या, बालसाहित्य काढणाऱ्या प्रकाशकांना थेट लिहा, आणि एजंट नाही म्हणून एजंटचं काम स्वतः करा. म्हणजे करार वाचा. आपल्याकडे अजून बरंच काम शब्दावर चालतं, आणि करार झालाच तर ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, सर्व काळ’ असं छापील कलम सहीसाठी पुढे येतं. कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सही करूनच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. दिलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत येतात. पण हे सगळं करार गप्प असेल तेव्हाच कामाला येतं. ‘कायमस्वरूपी’ लिहिलेल्या कागदावर सही केलीत की या तरतुदींचा आधार उरत नाही.

परदेशी एजंटला मराठी वाचता येत नाही. त्याच्यापर्यंत जायचं तर इंग्रजी सारांश आणि नमुना अनुवाद लागतो, चित्रपुस्तक असेल तर सगळाच मजकूर. अनुवादकाशी मानधन आणि श्रेय आधी लेखी ठरवा. त्याआधी अनुवादाचे हक्क तुमच्या हातात हवेत. म्हणून मराठी करारात एवढं घालायला सांगा: ‘प्रकाशकास मराठी मुद्रित आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी दिले आहेत. अनुवाद, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक, नाट्य व चित्रपट यांचे हक्क लेखकाकडे राहतील.’ प्रकाशक ई-पुस्तकही मागेल. तो खरोखर काढणार असेल तर वेगळी रॉयल्टी ठरवून द्या. अनुवादाबद्दल अडून बसलाच, तर दोन वर्षांत अनुवाद झाला नाही तर हक्क लेखकाकडे परत, ही ओळ तरी लिहून घ्या आणि मग सही करा.